निनावी माणसांचा इतिहास

दारू सोडण्यासाठी एकमेकांना हात देणारी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झाली. सदस्य म्हणून प्रसारमाध्यमांत कुणी पूर्ण नाव सांगायचं नाही, असा तिचा संकेत आहे. मग इतिहास जपायचा कसा? सहसंस्थापक बिल विल्सन यांच्या सचिव नेल विंग यांनी वर्षानुवर्षं पत्रं, कागदपत्रं सांभाळली. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्यालयात अभिलेखागार रीतसर सुरू झालं. माझ्या मते या चळवळीवर नेलबाईंचे फार मोठे उपकार आहेत. अभ्यासकांना तिथे परवानगीने कागद पाहता येतात, मात्र सदस्यांचं निनावीपण जपावंच लागतं.

तुम्ही या चळवळीत असाल आणि तुमच्या गटाकडेही जुनी पत्रकं, सभांच्या वह्या, कॅसेट असतील तर रद्दीत घालू नका. गंजक्या टाचण्या काढा, लॅमिनेशन टाळा, कॅसेटची डिजिटल प्रत करून ठेवा. आणि जुने सदस्य आहेत तोवर, त्यांच्या संमतीने, त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करून घ्या.