रुग्णशय्येजवळचा चॅप्लेन

१९२० साली अँटन बॉइसन या अमेरिकन धर्मोपदेशकांना तीव्र मनोविकारामुळे मॅसॅच्युसेट्समधील मनोरुग्णालयात दाखल करावे लागले, आणि तेथे काढलेल्या वर्षाहून अधिक काळात त्यांच्या ध्यानी आले की, देहाची तपासणी तत्परतेने करणाऱ्या या व्यवस्थेत, रुग्णाच्या अंतरंगात भय, अपराधभावना आणि श्रद्धा यांचा जो कल्लोळ चाललेला असतो, त्याची विचारपूस करण्याची जबाबदारी कोणाच्याच हुद्द्याला जोडलेली नाही. बरे झाल्यावर १९२४ मध्ये त्यांनी वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात चॅप्लेनची, म्हणजे रुग्णांना आध्यात्मिक आधार देणाऱ्या सेवकाची, नेमणूक पत्करली आणि पुढच्याच उन्हाळ्यात धर्मशास्त्राचे विद्यार्थी तेथे आणून, त्यांना प्रत्यक्ष रुग्णसेवेत राबवून, ऐकलेल्या हकिगती बारकाईने लिहून काढण्यास लावले. ग्रंथ ज्या आदराने वाचावा त्याच आदराने रुग्णाचे आयुष्य समजून घ्यावे, हा त्यांचा आग्रह आजही चॅप्लेनच्या शिक्षणाचा पाया आहे.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री जाग्या असलेल्या रुग्णाजवळ बसणे, अतिदक्षता विभागाबाहेर तिष्ठणाऱ्या आप्तांना डॉक्टरांना पुन्हा विचारण्याचे धैर्य देणे, अंत्यविधीची तजवीज करणे, वारंवारच्या मृत्युदर्शनाने खचलेल्या परिचारिकेचेही ऐकून घेणे, ही सारी चॅप्लेनचीच कामे. धर्मप्रसार मात्र त्याला सर्वथा वर्ज्य असतो, आणि माझ्या मते या पेशाची प्रतिष्ठा मुख्यतः या एका निर्बंधावर उभी आहे. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत ख्रिस्ती चॅप्लेनबरोबर हिंदू, मुसलमान, शीख आणि कोणताच धर्म न मानणारेही काम करतात. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील वृद्धाला अखेरच्या दिवसांत आपल्या संस्कारांची जाण असलेला माणूस जवळ हवासा वाटला, तर ती मागणी तो निःसंकोचपणे करू शकतो.

परंतु एकाकीपणा आणि शोक यांवरचा उपचार इस्पितळाच्या चार भिंतींत संपत नाही, हे ज्यांनी ओळखले ते ग्रेंजर वेस्टबर्ग. १९४४ पासून शिकागोच्या इस्पितळात चॅप्लेन म्हणून वावरताना त्यांना दिसले की, पुष्कळांचे दुखणे एखाद्या जिव्हाळ्याच्या माणसाच्या किंवा उपजीविकेच्या वियोगानंतर उद्भवते, आणि त्याची पहिली चाहूल शेजाऱ्यापाजाऱ्यांना लागते. म्हणून १९८५ च्या सुमारास, शिकागोजवळच्या पार्क रिज येथील लुथरन जनरल हॉस्पिटलच्या आश्रयाने, त्यांनी सहा चर्चमध्ये सहा परिचारिका नेमविल्या. त्या रक्तदाब पाहत, औषधे समजावून देत, घरोघरी जात, आणि बऱ्याच वेळा केवळ ऐकत बसत. त्यांच्या वेतनाचा मोठा हिस्सा आरंभी इस्पितळाने उचलावा आणि पुढे तो भार क्रमाक्रमाने चर्चमंडळींनी स्वीकारावा, असे ठरले होते. मला ही तजवीज विलक्षण दूरदृष्टीची वाटते. कारण रुग्णाची घरी रवानगी होताच ज्याचे दप्तर मिटते, असे इस्पितळ तिच्यामुळे त्या घराच्या आरोग्याशी आपल्या तिजोरीनिशी बांधले गेले.