मैत्रीच्या पावाचे खमीर

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया, ओहायो आदी राज्यांत साधेपणाने शेती करून राहणाऱ्या आमिश पंथीयांच्या नावाने जो गोड 'मैत्रीचा पाव' प्रसिद्ध आहे, त्याचे सारे मर्म घरोघर जोपासल्या जाणाऱ्या खमिरात आहे. पाव कप कोमट पाण्यात सुमारे 7 ग्रॅम सुके यीस्ट 10 मिनिटे भिजवावे, आणि ते फेसाळले म्हणजे काचेच्या प्रशस्त बरणीत मैदा, साखर व दूध प्रत्येकी एक कप घेऊन त्यात लाकडी पळीने कालवावे. झाकण मात्र सैल असावे, कारण किण्वनातून निघणाऱ्या वायूस वाट न मिळाल्यास बरणी फुटण्याचे भय असते.

पुढील शिरस्ता 10 दिवसांचा. रोज ढवळावयाचे, सहाव्या दिवशी तिन्ही जिन्नस पुन्हा एकेक कप घालावयाचे, आणि दहाव्या दिवशी तोच खुराक देऊन एकेक कपाचे वाटे स्नेह्यांकडे रवाना करावयाचे, ही प्रथा मला या पावाच्या चवीहूनही मोलाची वाटते. साखर हे यीस्टचे अन्न खरे. परंतु येथे तिचे प्रमाण इतके असते की ती पाणी धरून ठेवून यीस्टची गती मंदावते, आणि म्हणून भाजण्यापूर्वी पिठात दालचिनीबरोबर सोडा व बेकिंग पावडर यांचीही तजवीज करावी लागते. आंबूस, किंचित मद्यासारखा दर्प स्वाभाविक आहे. गुलाबी वा नारिंगी छटा दिसताच मात्र सारे खमीर निःसंकोच टाकून द्यावे. घेणारे स्नेही नसतील, तर उरलेले वाटे गोठवून ठेवता येतात.