अ‍ॅडमिट केलं, पुढे काय?

छातीत दुखायला लागलं तर चाळीसगावचा किंवा शिरपूरचा माणूस गाडी काढून थेट जळगाव नाहीतर धुळे गाठतो. रात्ररात्र न झोपणारा, भिंतीकडे बघून बोलणारा, ताटावरून उठून जाणारा मुलगा मात्र घरात महिनोन् महिने तसाच राहतो. आधी 'बाहेरचं' म्हणून भगत होतो, मग सैलानी बाबाच्या दर्ग्याची वारी, मग 'कापूस वेचून झाला की बघू'. शेवटी दवाखान्याचं नाव निघालं की घरातलं कुणी तरी थोरलं माणूस विचारतं, "ठाण्याला टाकता का त्याला?"

या प्रश्नामागं जुना काळ आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथं राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. खानदेशात त्यातलं एकही नाही. गेलेला माणूस लवकर परत येत नाही, ही धास्ती त्या अंतरातून आणि त्या काळातून आली. आज जळगाव-धुळ्यातल्या बहुतेक रुग्णांना ठाण्याला जावं लागत नाही. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात २०१८ पासून सिव्हिलच्या जोडीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्ही शहरांत खासगी वैद्यकीय महाविद्यालयं आणि मनोविकारतज्ज्ञांचे स्वतःचे दवाखानेही आहेत. सर्वसाधारण रुग्णालयातच मनोविकारांचा विभाग ठेवायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. १९३३ मध्ये गिरींद्रशेखर बोस यांनी कोलकात्यात ती सुरू केली, १९३८ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात असा विभाग आला. अशा विभागात बहुतेक जण काही दिवस ते दोन-तीन आठवडे राहतात आणि घरी जातात.

दारातून आत

बरेच रुग्ण मनोविकार विभागात थेट येत नाहीत, ते अपघात विभागातून येतात. कापूस-केळीच्या या पट्ट्यात आत्महत्येच्या प्रयत्नानंतर आणलेला माणूस आधी अतिदक्षता विभागात असतो. जीव वाचल्यावर, विष उतरल्यावर मनोविकारतज्ज्ञ त्याला तपासतात. 'आता बरा आहे, घरी नेतो' असं म्हणून नातेवाईक या टप्प्यावर निघून जातात. घाई करू नये तो नेमका हाच टप्पा. शरीर सावरलेलं असतं, पण ज्या दुःखानं इथवर आणलं ते तसंच असतं.

दुसरी भीती पोलिसांची. रुग्णालय 'एमएलसी', म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण, म्हणून नोंद करतं, पोलीस जबाब घेतात. मात्र मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचा जुना सरसकट गुन्हाही उरलेला नाही. म्हणून डॉक्टरांपासून काही लपवू नका. काय घेतलं, किती वाजता घेतलं, याआधी असं झालं होतं का, ते स्पष्ट सांगा.

पहिली रात्र

भरती होताना सामानाची झडती होते. पट्टा, नाडी, ओढणी, ब्लेड, चार्जरची वायर, काचेची बाटली, सगळं बाजूला ठेवतात. रुग्णाला हा अपमान वाटतो, म्हणून कारण आधीच सांगून ठेवावं. मग रक्त तपासतात. साखर, सोडियम, थायरॉइड, यकृत, गरज पडली तर मेंदूचा स्कॅन. भ्रमिष्टपणामागं कधी मेंदूचा ताप निघतो, कधी सोडियम उतरलेलं निघतं. रोज दारू पिणाऱ्यानं ती एकदम बंद केली की दोन-तीन दिवसांत हातापायांना कंप सुटतो, नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. दारूची खरी माहिती लपवली तर हे जिवावर बेतू शकतं.

पहिल्या दोन-तीन दिवसांत डॉक्टरांचं लक्ष दोन गोष्टींवर असतं, सुरक्षितता आणि झोप. रुग्ण खूप झोपतो. 'गोळ्या देऊन सुन्न केलं' असं नातेवाइकांना वाटतं. बहुतेकदा ती कित्येक रात्रींची थकबाकी असते. तरीही मान वाकडी होणं, जीभ जड होणं, अंग ताठणं असं काही दिसलं तर सिस्टरना लगेच सांगा, त्यावर औषध आहे. जुनी फाइल, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, आधार कार्ड आणि बिननाडीचे कपडे सोबत न्या.

कायदा काय म्हणतो

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ मध्ये लागू झाला आणि भरतीचे नियम बदलले. रुग्ण स्वतःहून भरती झाला असेल तर त्याला सुट्टी मागता येते. धोका वाटला तर डॉक्टर त्याला तपासणीपुरते २४ तास थांबवू शकतात. रुग्णाला स्वतःचा निर्णय घेता येत नसेल आणि त्यानं नुकताच स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा प्रयत्न केला असेल किंवा तशी धमकी दिली असेल, अथवा तो स्वतःची देखभालच करू शकत नसेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे रुग्णानं नेमलेल्या किंवा तसं नसेल तर बहुधा जवळच्या नातेवाइकाच्या, अर्जावरून भरती होते. त्यासाठी दोन तज्ज्ञांनी त्याला वेगवेगळं तपासलेलं असावं लागतं आणि त्यांतला एक मनोविकारतज्ज्ञ असतो. ही भरती जास्तीत जास्त ३० दिवसांची असते. बाई किंवा अल्पवयीन मूल असेल तर ३ दिवसांत आणि इतरांबाबत ७ दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं. तक्रारही याच मंडळाकडे करता येते.

साखळीनं बांधणं आणि एकट्याला कोंडून ठेवणं याला बंदी आहे. समोर धोका दिसत असेल आणि दुसरा उपाय नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीनं, थोड्या वेळापुरतं बांधता येतं. शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून तसं करता येत नाही. ही बंदी रक्त सांडून मिळालेली आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत एका खासगी आश्रमाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली माणसं पळूच शकली नाहीत. श्रद्धा आणि औषध एकत्र चालू शकतात. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यावर 'दवा और दुआ' हा उपक्रम तेच करतो. देवाला जा, फक्त गोळी चुकवू नका.

शॉक

या शब्दानं सगळं घर दचकतं. हिंदी सिनेमानं दाखवलेला शॉक आज बेकायदेशीर आहे. भूल आणि स्नायू सैल करणारं इंजेक्शन दिल्याशिवाय विद्युत उपचार करता येत नाही. अल्पवयीन मुलांना तो पालकांच्या संमतीशिवाय आणि मंडळाच्या परवानगीशिवाय देता येत नाही. रुग्ण झोपेत असतो, प्रवाह काही सेकंदांचा असतो. बहुधा आठवड्यातून दोन-तीन वेळा, अशा सहा ते बारा बैठका होतात. त्या दिवसांतल्या काही आठवणी पुसट होतात, बहुतेकांच्या हळूहळू परत येतात. अन्नपाणी सोडलेला, दगडासारखा निश्चल झालेला किंवा मरणाचाच विचार करणारा रुग्ण यानं लवकर सावरतो, कारण नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात.

सोबतीला कोण?

आपल्याकडे मनोविकार विभागात बहुधा एक नातेवाईक सोबत राहतो. ही रीत नुसती सोयीची नाही, उपचाराचा भाग आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या कुटुंबांना राहायला बोलावलं होतं. घरच्यांना आजार समजला आणि रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. सोबत राहणाऱ्यानं उपदेश करू नये. 'तुला काय कमी आहे?' हा प्रश्न तर विचारूच नये. गोळी घेतली का, जेवला का, झोपला का एवढं पाहावं, आणि रुग्ण काय बोलतो ते डॉक्टरांना सांगावं. भेटायला आलेल्या पाहुण्यांची रांग लागू देऊ नये.

सुट्टीनंतर

रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे आत्महत्येच्या दृष्टीनं सर्वांत धोक्याचे असतात. म्हणून सुट्टीच्या आधी डॉक्टरांकडून तीन गोष्टी लिहून घ्या. कोणती गोळी कधी घ्यायची, पुढची तारीख कोणती, आणि पुन्हा बिघडतंय हे कोणत्या लक्षणांवरून ओळखायचं. फवारणीची औषधं घरात ठेवू नका, रुग्णाला माहीत नसेल अशा ठिकाणी कुलपात ठेवा. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातल्यावर तिथल्या आत्महत्या मोठ्या प्रमाणावर घटल्या. माणसाच्या हाताशी साधन नसलं की तो वाईट क्षण अनेकदा टळून जातो.

उन्हाळ्यात आणखी एक काळजी घ्या. भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. लिथियमच्या गोळ्या चालू असतील तर अंगातलं पाणी कमी होताच रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. उलटी, जुलाब, हात जास्त थरथरणं, तोल जाणं दिसलं तर ताबडतोब डॉक्टर गाठा. या रुग्णाला भर दुपारी शेतात धाडू नका. बरं वाटायला लागलं म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका. पुन्हा भरती होण्याचं ते एक मोठं कारण आहे.

पैशांचं म्हणाल तर आरोग्य विम्यात मानसिक आजार शरीराच्या आजारासारखाच धरावा, असं मानसिक आरोग्य सेवा कायदाच सांगतो. पॉलिसी असेल तर ती बाहेर काढा आणि दावा करा.

घरात कुणी मरणाच्या गोष्टी करत असेल तर त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेली-मानस हेल्पलाइनचा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं. जिवाला धोका दिसला तर १०८ ला फोन करून जवळचं रुग्णालय गाठा. हे दोन क्रमांक आजच घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा.