बस, थांब, ये : श्वानशिक्षणाची सव्वाशे वर्षं

घरात पिल्लू आलं की आठवड्याभरात सल्लागार जमू लागतात. त्यात एक तरी काका असे असतातच, ज्यांच्याकडे पूर्वी अल्सेशियन होता. त्यांचा सल्ला ठरलेला : पहिल्यापासून धाक ठेवा, मालक कोण ते त्याला कळलंच पाहिजे. त्याच्याआधी आपण जेवायचं, दारातून आधी आपण बाहेर पडायचं, गुरगुरला तर उताणा पाडून मान दाबायची, घरात शू केली तर नाक त्यात घासायचं. हे सगळं इतक्या ठामपणे सांगितलं जातं की पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपणच वाटावं. प्रत्यक्षात यातला बराचसा ऐवज विसाव्या शतकातल्या युरोप-अमेरिकेतून आलेला आहे. काही पोलिसांच्या कुत्र्यांकडून, काही एका प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांकडून. तिकडच्या जाणत्यांनी तो केव्हाच टाकून दिला. आपल्या सोसायट्यांमध्ये मात्र तो अजून ठणठणीत आहे.

लांडग्यांची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. 1947 साली रुडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकानं बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर निबंध प्रसिद्ध केला. पिंजऱ्यात कोंडलेल्या त्या लांडग्यांमध्ये वरचढपणासाठी सतत मारामाऱ्या चालत. त्यातून कळपाचा म्होरक्या म्हणजे ‘अल्फा’ ही कल्पना रुजली. डेव्हिड मेक यांच्या 1970च्या लांडग्यांवरच्या पुस्तकानं ती घरोघरी पोचवली. पुढे याच मेक यांनी कॅनडाच्या अतिउत्तरेला एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांचा अनेक उन्हाळे अभ्यास केला. त्यांना दिसलं ते साधं कुटुंब : आई, बाप आणि वेगवेगळ्या वयाची त्यांची पिल्लं. म्होरकेपणासाठी कुणी कुणाशी लढत नव्हतं. आईबाप होते म्हणून ते पुढे होते. 1999मध्ये त्यांनी हे शास्त्रीय नियतकालिकात मांडलं आणि आपलंच जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. ते थांबायला 2022 उजाडलं. दरम्यान न्यू स्कीट या अमेरिकेतल्या मठातल्या संन्याशांनी 1978च्या आपल्या पुस्तकात कुत्र्याला उताणं पाडण्याचा उपाय सांगितला, तो जगभर पसरला. नंतरच्या आवृत्तीत त्यांनी स्वतःच तो मागे घेतला. पण मागे घेतलेला सल्ला दिलेल्या सल्ल्याइतक्या वेगानं कधीच पसरत नाही.

तेव्हा कुत्रा दारातून आपल्याआधी बाहेर धावतो तो राज्य बळकावण्यासाठी नव्हे. बाहेर जास्त मजा असते म्हणून धावतो.

मग कुत्रा शिकतो तरी कसा? याचं उत्तर तीन प्रयोगशाळांमधून आलं. रशियात इव्हान पावलोव्ह कुत्र्यांच्या पचनावर काम करत होते; 1904चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. अन्न येण्याआधी मेट्रोनोमची टिकटिक ऐकवली, तर काही दिवसांनी नुसत्या टिकटिकीनंच लाळ सुटते, हे त्यांनी दाखवलं. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1898मध्ये मांजरं आणि कुत्री पेटाऱ्यात कोंडून पाहिलं की ज्या हालचालीनं दार उघडतं ती जनावर पुनःपुन्हा करतं. बी. एफ. स्किनर यांनी 1938च्या ग्रंथात हा धागा शास्त्रशुद्ध विणला. ज्या वागण्याचा परिणाम चांगला, ते वाढतं. ज्यातून काहीच पदरात पडत नाही, ते विरतं.

पण त्या काळी कुत्री शिकवणारे लोक प्रयोगशाळेतले नव्हते, पोलीस आणि लष्करातले होते. कॉनराड मोस्ट या जर्मन अधिकाऱ्याचं 1910चं पुस्तक त्यांचा आधारग्रंथ. मोस्ट यांची पद्धत कठोर होती, गळपट्ट्याचे हिसके होते. तरीही बक्षीस किंवा शिक्षा कृतीच्या त्याच क्षणी मिळाली पाहिजे, हे त्यांनी स्किनर यांच्या कितीतरी आधी ओळखलं होतं. दुर्दैवानं नंतरच्या शिष्यांनी हिसका उचलला आणि क्षण सोडून दिला.

वळण आलं ते समुद्राकडून. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी 1940च्या दशकात ही तत्त्वं प्राण्यांच्या व्यावसायिक प्रशिक्षणात आणली आणि पुढे ती डॉल्फिन शिकवणाऱ्यांपर्यंत पोचली. डॉल्फिनला पट्टा बांधता येत नाही. ओरडलात तर तो पाण्यात दूर निघून जातो. उरते फक्त शिट्टी आणि मासा : योग्य उडी मारली त्या क्षणी शिट्टी, मग मासा. हवाईमध्ये डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरेन प्रायर यांनी 1984च्या आपल्या पुस्तकात हेच कुत्र्यांना, माणसांनाही कसं लागू पडतं ते लिहिलं. शिट्टीच्या जागी टक्‌कन वाजणारा क्लिकर आला. क्लिकरच पाहिजे असं नाही. ‘शाब्बास’ चालतं, फक्त ते त्याच क्षणी यायला हवं. पिल्लू बसलं, आपण खिशात खाऊ चाचपला, तेवढ्यात ते उठलं आणि मग आपण खाऊ दिला, तर आपण त्याला उठायला शिकवलं. शेंगदाण्याएवढा तुकडा पुरतो. शाकाहारी घरात पनीर किंवा उकडलेलं गाजर, इतरत्र उकडलेली कोंबडी. चॉकलेट, कांदा, द्राक्षं आणि बेदाणे मात्र कुत्र्याला विषारी असतात; दिवाळीच्या दिवसांत रव्याच्या लाडवातला आणि चिवड्यातला बेदाणा यात आलाच.

स्किनर यांच्या कामातला आणखी एक शोध प्रत्येक मराठी जेवणघरात सिद्ध होतो. बक्षीस दर वेळी देण्यापेक्षा अधूनमधून दिलं तर सवय जास्त चिवट होते. घरात सगळे ताटातलं देत नाहीत, फक्त आजोबा कधीतरी चपातीचा तुकडा टेबलाखाली सोडतात. त्या ‘कधीतरी’नंच कुत्रा जन्मभर आजोबांच्या पायाशी ठिय्या देतो. मागणं थांबवायचं तर आजोबांना आधी आवरावं लागेल, आणि ते बंद झाल्यावर पहिले काही दिवस भुंकणं वाढेल. लोक नेमके तिथेच कच खातात, तुकडा देतात आणि कुत्रा शिकतो की आणखी मोठ्यानं भुंकायचं असतं. अंगावर उड्या मारण्याचंही तेच. ‘नको रे’ म्हणत हातांनी ढकलणं हा त्याच्या लेखी खेळच असतो. पाठ फिरवावी, चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच कौतुक करावं.

पिल्लाच्या बाबतीत सगळ्यात मोठी गोष्ट वयाची. स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी अमेरिकेत बार हार्बर इथे वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून 1965मध्ये दाखवलं की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जग कसं आहे ते ठरवून टाकतं. या काळात जे भेटलं ते आपलं, जे भेटलं नाही त्याची पुढे भीती. नेमक्या याच काळात आपले लोक ‘लसी पूर्ण होऊ देत’ म्हणून पिल्लाला घरात डांबतात. पार्व्हो या रोगाची भीती खरी आहे, पिल्लाला रस्त्यावर सोडू नयेच. पण कडेवर घेऊन रिक्षा, छत्री, हेल्मेटवाला डिलिव्हरीचा मुलगा, शाळेतली पोरं, मंदिरातली घंटा हे सगळं लांबून दाखवता येतं. लस झालेल्या, शांत स्वभावाच्या कुत्र्याच्या घरी नेता येतं. इयन डनबार यांनी 1980च्या दशकात अमेरिकेत लहान पिल्लांचे मोकळे वर्ग सुरू केले ते याच विचारानं.

शी-शूबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, फक्त घड्याळ सांभाळावं लागतं. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच बाहेर, आणि तिथे झाल्याबरोबर तिथेच खाऊ. आठव्या मजल्यावर राहणाऱ्यांची लिफ्ट येईपर्यंत पंचाईत होते, म्हणून सुरुवातीला बाल्कनीतला एक कोपरा ठरवलेला बरा. घरात झालीच तर गुपचूप पुसावं. नाक घासल्यानं पिल्लू एवढंच शिकतं की माणसांसमोर शू करणं धोक्याचं आहे. मग ते सोफ्यामागे करतं. फिनाइलचा वास आपल्या नाकाला पुरतो, त्याच्या नाही. जागा एन्झाइमवाल्या क्लीनरनं धुवावी, नाहीतर ते पुन्हा तिथेच येतं.

दात शिवशिवतात तेव्हा पिल्लू हाताला चावतं. हात झटकू नये, थिजावं, खेळ थांबवावा आणि चघळायला दुसरं काही द्यावं. मोठ्या कुत्र्याच्या गुरगुरण्याला मात्र कधीच मारू नये. गुरगुरणं ही सूचना आहे. ती मारून बंद केली की कुत्रा सूचना न देता चावायला लागतो, आणि मग लोक म्हणतात, अचानक चावला.

सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत वाईट शिकवला जाणारा शब्द म्हणजे ‘ये’. बागेत कुत्रा मजेत हुंदडत असतो, आपण ‘ये’ म्हणतो, तो येतो आणि आपण पट्टा अडकवून घरी नेतो. असं चारदा झालं की ‘ये’चा अर्थ ‘मजा संपली’ एवढाच उरतो. त्यात आई म्हणते ये, मुलगा म्हणतो कम, बाबा नुसती शिट्टी वाजवतात. एक शब्द ठरवावा आणि तो सांभाळून वापरावा. आंघोळीसाठी, नखं कापायला, ओरडायला त्या शब्दानं बोलावू नये. आपण जाऊन त्याला आणावं. बोलावलं, आला, खाऊ दिला, परत सोडलं, असं घरात आणि मग जिन्यात कित्येकदा करावं. मैदानात सुरुवातीला लांब दोरी बांधावी. उशिरा आला तरी आला म्हणून कौतुकच करावं. मार बसला तर त्याच्या लेखी तो येण्यासाठीच बसतो.

दख्खनच्या शिकारी कुत्र्यांच्या बाबतीत हा शब्द आणखी अवघड होतो. कारवान किंवा मुधोळ हा नजरेनं शिकार करणारा कुत्रा. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी या जातीला राजाश्रय दिला, आणि अलीकडे भारतीय लष्करानंही मुधोळ कुत्री मेरठच्या केंद्रात शिकवून पाहिली. ससा दिसला की मुधोळचे कान बंद होतात. शिकवणीतली ती खोट नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या त्याची निवडच त्यासाठी झाली. अशा कुत्र्याला कुंपण नसलेल्या जागी मोकळं सोडू नये. लॅब्रॅडॉर त्याच्या उलट, खाऊ आणि चेंडूसाठी काहीही करणारा. 1993च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या ज्या ‘झंजीर’चं नाव घराघरांत पोचलं तो लॅब्रॅडॉरच होता. स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्याला स्फोटकांचं काही पडलेलं नसतं. तो वास सापडला की मिळणाऱ्या बक्षिसासाठी शोधत असतो.

आणि गावठी? ‘रस्त्यावरचं कुत्रं काय शिकणार’ म्हणणाऱ्यांनी कोलकात्याच्या आयसर संस्थेतलं अनिंदिता भद्रा यांच्या गटाचं काम पाहावं. कुणीही न शिकवलेली रस्त्यावरची कुत्री माणसानं बोटानं दाखवलेली वाटी ओळखतात, हे त्यांनी दाखवलं. त्याहून मला आवडलेला त्यांचा 2017चा निष्कर्ष असा : अनोळखी माणसानं वारंवार भेटून खाऊ दिला तर आणि थोपटलं तर, रस्त्यावरच्या कुत्र्याचा विश्वास बसतो तो थोपटणाऱ्यावर अधिक. दत्तक घेतलेल्या गावठी कुत्र्याला पहिले काही आठवडे काहीच शिकवू नये असं मी म्हणेन. त्याला घर कळू द्यावं, कोपरा मिळू द्यावा. हात त्यानं पुढे येऊन हुंगावा, आपण त्याच्या डोक्यावर वरून नेऊ नये.

धाकवाल्यांचा शेवटचा मुद्दा असतो, ‘पण मारून शिकतोच की.’ शिकतो. पोर्तुगालच्या संशोधकांनी 2020मध्ये 92 कुत्र्यांवरचा अभ्यास छापला. शिक्षेवर भर देणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची चिन्हं जास्त होती, वर्गानंतर लाळेतलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक जास्त वाढलं होतं, आणि वर्गाबाहेरही ती अनोळखी जागी ठेवलेल्या वाटीकडे कचरत, सावकाश जात होती. वेल्सनं विजेचा झटका देणाऱ्या गळपट्ट्यांवर 2010मध्येच बंदी घातली. अमेरिकेतल्या प्राणिवर्तन पशुवैद्यांच्या संघटनेनं 2021मध्ये सगळ्या कुत्र्यांसाठी बक्षिसाचीच पद्धत वापरा असं स्पष्ट लिहिलं. आपल्याकडे झटक्याचे पट्टे आजही घरपोच येतात.

आता दिवाळीबद्दल. फटाक्यांच्या आवाजाची सवय लावता येते : ध्वनिमुद्रित फटाके अगदी हळू आवाजात लावायचे, सोबत कोंबडी किंवा पनीर, आणि आठवड्या-आठवड्यानं आवाज किंचित वाढवायचा. कुत्र्यानं खाणं सोडलं तर आपण घाई केली. पण हे काम श्रावणात सुरू करायचं असतं; दिवाळी तोंडावर आली की त्या वर्षाची वेळ निघून गेलेली असते. मग एवढंच करता येतं : फिरणं उजेडात उरकून घ्या, पट्टा घट्ट बसतोय का पाहा, गळ्यात फोन नंबर असू द्या, आतली खोली पडदे लावून पंख्याच्या आवाजासह मोकळी ठेवा. पलंगाखाली गेला तर ओढून काढू नका. जवळ आला तर खुशाल कुशीत घ्या. भीती हे वागणं नाही, ती भावना आहे, आणि जवळ घेतल्यानं ती वाढत नाही. थरथर, लाळ, दार ओरबाडणं अशी स्थिती असेल तर लक्ष्मीपूजनाच्या आधीच पशुवैद्याकडे जा. यासाठी औषधं आहेत, ती माणसांच्या डब्यातली नव्हेत.

पशुवैद्याचं दार आणखी एका वेळी आधी ठोठावावं : शहाणा कुत्रा एकाएकी चिडका झाला किंवा घरात घाण करू लागला तर. कान, दात, कंबर, मूत्रमार्ग यांतलं दुखणं असू शकतं, आणि दुखण्यावर शिकवणी चालत नाही. त्यानंतर ट्रेनर. पाटी लावली की कुणीही ट्रेनर होतो, म्हणून पैसे देण्याआधी त्याला तीन गोष्टी विचाराव्यात : कुत्र्यानं बरोबर केलं तर तुम्ही काय करता, चूक केली तर काय करता, आणि त्याहून सौम्य उपाय आहे का? मग त्याचा एखादा वर्ग बाजूला बसून पाहावा. बघू देत नसेल किंवा ‘कुत्रा महिनाभर माझ्याकडे सोडा, शिकवून परत देतो’ म्हणत असेल, तर दुसरा शोधावा.