भारताची अवकाश वेधशाळा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

२८ सप्टेंबर २०१५ रोजी पीएसएलव्ही प्रक्षेपकाने श्रीहरिकोट्याहून 'अ‍ॅस्ट्रोसॅट' हा उपग्रह कक्षेत सोडला. पाच वर्षांसाठी बांधलेल्या या वेधशाळेने कक्षेत दहा वर्षे पूर्ण केली, तरी तिच्याविषयीचे काही गैरसमज कायम आहेत.

गैरसमज: ताऱ्यांच्या जवळ जाण्यासाठी दुर्बीण अवकाशात पाठवतात.

वस्तुस्थिती: अ‍ॅस्ट्रोसॅट जमिनीपासून सुमारे ६५० किलोमीटरवर फिरतो. समृद्धी महामार्गाची लांबीही याहून जास्त आहे. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा चार प्रकाशवर्षांहून दूर असताना एवढ्या अंतराने काहीच फरक पडत नाही. खरा अडथळा हवेचा आहे. क्ष-किरण आणि बहुतेक अतिनील किरण वातावरण शोषून घेते. त्यामुळे आपण सुरक्षित राहतो, पण आकाशाचा तो भाग जमिनीवरून दिसत नाही.

गैरसमज: ही 'हबल' या अवकाश दुर्बिणीची छोटी नक्कल आहे.

वस्तुस्थिती: हबलचा आरसा २.४ मीटरचा, तर अ‍ॅस्ट्रोसॅटवरील अतिनील दुर्बिणींचे आरसे जेमतेम ३८ सेंटिमीटरचे. पण अ‍ॅस्ट्रोसॅट एकाच वस्तूकडे अतिनील आणि क्ष-किरणांत एकाच वेळी पाहू शकतो. कृष्णविवराभोवतीचे तेज क्षणाक्षणाला बदलते, तेव्हा हे फार मोलाचे ठरते. शिवाय त्याच्या अतिनील शोधकातील पार्श्वभूमीचा गोंगाट फार कमी आहे. त्यामुळेच ९३० कोटी प्रकाशवर्षांवरील एका दीर्घिकेचे अतिनील किरण त्याने टिपले. हबलला ते सापडले नव्हते. पुण्याच्या 'आयुका' या संशोधन संस्थेतील कनक साहा यांच्या नेतृत्वाखालील हे संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

गैरसमज: क्ष-किरणांची दुर्बीणही नेहमीच्या दुर्बिणीसारखीच असते.

वस्तुस्थिती: समोरून आदळणारे क्ष-किरण आरशावरून परततच नाहीत, ते आत शिरतात. म्हणून मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत घडवलेल्या सौम्य क्ष-किरण दुर्बिणीत सोन्याचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्यांची नळकांडी एकात एक बसवली आहेत. त्यांना किरण चाटून जातात आणि किंचित वळून एकत्र येतात. अधिक ऊर्जेच्या किरणांसाठी तर आरसाच नाही. टँटलम धातूच्या, ठरावीक नक्षीत भोके पाडलेल्या पत्र्याची सावली शोधकावर पडते आणि त्या सावलीवरून किरण कुठून आले हे गणिताने काढतात.

गैरसमज: ही माहिती फक्त इस्रोच्या शास्त्रज्ञांसाठी आहे.

वस्तुस्थिती: निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुली होतात. ती वापरणाऱ्यांच्या मदतीसाठी आयुकात स्वतंत्र कक्षही आहे. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी या खजिन्यावर हक्काने काम करायला हवे.