करून देणं आणि करू देणं : पर्सनल सपोर्ट वर्करचं प्रशिक्षण

आजचा विषय वरवर अगदी साधा वाटेल. म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाला आंघोळ घालणं, कपडे घालणं, भरवणं, पलंगावरून उठवून खुर्चीत बसवणं. यात शिकण्यासारखं काय आहे, असं कुणीही विचारेल. घरोघरी सुना, मुली, बायका हे पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आणि त्यांचा वर्ग कधी कुणी घेतला नाही. तरीही कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात या कामाचं रीतसर प्रशिक्षण आहे. हे काम करणाऱ्याला तिथे पर्सनल सपोर्ट वर्कर म्हणतात, बोलण्यात नुसतं पीएसडब्ल्यू. या प्रशिक्षणात काय शिकवतात आणि त्यातलं सगळ्यात अवघड काय, हे आज आपण बघू.

आधी चौकट समजून घेऊ. तिथल्या लाँग-टर्म केअर होमच्या, म्हणजे कायम देखभाल लागणाऱ्यांच्या निवासगृहांच्या नियमांनुसार पीएसडब्ल्यूचा अभ्यासक्रम किमान ६०० तासांचा असावा लागतो. वर्गातले तास आणि प्रत्यक्ष कामाचे तास, दोन्ही त्यात धरलेले आहेत. सरकारी कॉलेजं, खासगी करिअर कॉलेजं आणि काही स्कूल बोर्डांचे प्रौढांचे वर्ग हा अभ्यासक्रम चालवतात. प्रत्यक्ष कामाला पाठवण्याआधी पोलिसांकडून तपासणी, क्षयरोगाची चाचणी, लसींच्या नोंदी, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र अशा गोष्टी मागतात. शिकणाऱ्यांमध्ये परदेशातून आलेली माणसं पुष्कळ, त्यात भारतातून गेलेलीही.

आता शिकवतात काय, ते पाहू. उदाहरणार्थ सदरा घालणं. पक्षाघाताने एक हात अधू झालेला असेल तर घालताना अधू हात आधी बाहीत घालायचा आणि काढताना तो शेवटी बाहेर काढायचा. का? तर अधू हाताला वाकवावं-ओढावं लागू नये म्हणून. चाकाच्या खुर्चीत बसवताना खुर्ची धडधाकट बाजूला ठेवायची, ब्रेक लावायचे, कमरेला पट्टा बांधून त्याला धरायचं. काखेत हात घालून उचलायचं नाही, कारण त्याने खांद्याला इजा होऊ शकते. भरवताना माणूस ताठ बसलेला हवा आणि भरवणाऱ्यानेही समोर बसायचं, उभं राहून घाईघाईत चमचा पुढे करायचा नाही. आधीचा घास गिळला आहे हे पाहूनच पुढचा द्यायचा. नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याची भीती असते. आपल्याकडे आडवं झोपवूनच चमच्याने पाणी पाजतात ना, तिथे हाच धोका आहे.

दुसरा भाग निरीक्षणाचा. पीएसडब्ल्यूने निदान करायचं नसतं, औषधाचा डोस स्वतःच्या मनाने बदलायचा नसतो. पण आजारी माणसाचं अंग रोज सगळ्यात जवळून तोच बघत असतो. माकडहाडापाशी किंवा टाचेवर त्वचा लाल दिसली आणि बोटाने दाबल्यावरही लाली जात नसेल, तर ती शय्याव्रणाची सुरुवात असू शकते. तिथे चोळायचं नाही, भार कमी करायचा आणि नर्सला लगेच सांगायचं. नोंद कशी लिहायची हेही शिकवतात. ‘आज आजोबा चिडचिडे होते’ असं लिहायचं नाही. ‘दुपारी दोनदा ताट बाजूला सारलं, डावा गाल धरून बसले होते’ असं लिहायचं. पहिल्या वाक्यातून आजोबांचा स्वभाव कळतो. दुसऱ्यातून कदाचित दुखरा दात सापडतो.

पण हे सगळं हाताला वळण लावण्यासारखं आहे, सरावाने येतं. अवघड भाग पुढे आहे. या शिक्षणात पाच शब्द पुन्हा पुन्हा येतात : प्रतिष्ठा, स्वावलंबन, पसंती, खासगीपणा आणि सुरक्षितता. ऐकायला छान वाटतात, पण प्रत्यक्षात ते एकमेकांशी भांडतात. आजींना काठी घेऊन एकटीनेच न्हाणीघरात जायचंय. स्वावलंबन म्हणतं जाऊ द्या, सुरक्षितता म्हणते पडतील. अशा वेळी पीएसडब्ल्यूने त्यांना बसवूनही ठेवायचं नाही आणि सोडूनही द्यायचं नाही. पाय न घसरणारी पादत्राणं, भिंतीला धरायचा दांडा, हाकेच्या अंतरावर आपण, आणि दार लोटलेलं. मधला रस्ता शोधणं हेच कौशल्य.

आपल्या संस्कारात सेवा म्हणजे करून देणं. ‘तुम्ही बसा हो, मी करते’ हे आपल्याकडे प्रेमाचं वाक्य आहे. पीएसडब्ल्यूला मात्र करू देणं शिकावं लागतं. पाच बटणांपैकी तीन आजोबांना स्वतः लावता येत असतील, तर ती त्यांनीच लावायची, उरलेली दोन आपण. यामागे शिस्तीचा अट्टाहास नाही, शरीराचा नियम आहे. जे स्नायू वापरले जात नाहीत ते झिजतात, आणि म्हातारपणी गेलेली ताकद परत मिळवणं फार कठीण असतं. आपण प्रेमाने रोज सगळी बटणं लावून दिली, तर काही महिन्यांत एकही लावता येणार नाही. मग आपणच म्हणणार, ‘बघा, आता त्यांना काहीच जमत नाही.’

अडचण वेळेची आहे. तीन बटणांना पाच मिनिटं लागतात, आपण लावली तर अर्धं मिनिट. ऑन्टारिओच्या २०२१च्या कायद्याने असं उद्दिष्ट ठरवलं की ३१ मार्च २०२५पर्यंत निवासगृहातल्या प्रत्येकाला रोज सरासरी चार तासांची प्रत्यक्ष देखभाल मिळावी. या चार तासांत नर्स आणि पीएसडब्ल्यू दोघांचा वेळ आला. म्हणजे उद्दिष्ट गाठलं तरी चोवीसपैकी चारच तास. या कायद्याच्या आधी, २०२०च्या कोविडकाळात, तिथल्या काही निवासगृहांत सैन्याची मदत घ्यावी लागली होती, आणि संसर्ग रोखणं, स्वच्छता, भरवणं अशा अगदी मूलभूत गोष्टींतल्या गंभीर त्रुटी सैन्याच्या अहवालातून बाहेर आल्या. माणसं कमी पडली की शिकवलेलं सगळ्यात आधी वाहून जातं, हा त्यातला धडा. प्रशिक्षण हवंच, पण शिकलेलं वापरायला वेळही द्यावा लागतो.

भाषेचंही असंच. म्हाताऱ्यांशी लहान मुलांसारखं बोलू नका, असं तिथे बजावतात. आधी विचारा, तुम्हाला काय म्हणू? मराठीतही ही सवय आहे. ‘चला, आता आपण औषध घ्यायचं हं!’ औषध घेणार एकटे आजोबा, मग हे ‘आपण’ कुठून आलं? जन्मभर शाळेत शिकवलेल्या माणसाला हे ऐकताना काय वाटत असेल? कुणाला ‘आजी’ गोड वाटेल, कुणाला ‘बाई’च हवं असेल. विचारायला काय लागतं?

आता आपल्याकडे बघू. आपल्या शहरांतही ब्युरोकडून बारा तासांची, चोवीस तासांची मावशी मिळते. जनरल ड्यूटी असिस्टंट, होम हेल्थ एड असे अभ्यासक्रमही आपल्याकडे आहेत. पण माणूस ठेवताना आपण विचारतो काय? पगार किती, सुट्ट्या किती, स्वयंपाक कराल का. यापुढे आणखी तीन प्रश्न विचारून बघू. पलंगावरून कसं उठवाल? भरवताना कसं बसवाल? आणि जे त्यांना स्वतः करता येतं, ते त्यांना करू द्याल का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं, तर त्याला लागणारा वेळ द्यायची तयारी घरच्यांनीही ठेवायला हवी. नाश्ता नऊऐवजी साडेनऊला झाला म्हणून त्या मावशीला बोल लावून चालणार नाही.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.