वाढत नाही, म्हणजे मेला नाही
बीड जिल्ह्यात आष्टी-पाटोद्याकडे टंचाईत टँकर गावच्या विहिरीत रिकामा होतो, मग बादलीत कालवलेल्या टीसीएल (क्लोरीनयुक्त ब्लीचिंग) पावडरची निवळी त्यात ओततात. पाण्याचा नमुना तपासणीला जातो. तिथे पोषक माध्यमावर जंतू वाढतात का, हे पाहतात. वाढले नाहीत, तर पाणी शुद्ध ठरते.

पण न वाढलेला प्रत्येक जंतू मेलेला नसतो. हे 1982 मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी पटकीच्या (कॉलरा) व ई. कोलाय जंतूंबाबत दाखवले. उपासमार, थंडी, क्लोरीनची अपुरी मात्रा अशा ताणात जंतू आक्रसतो. पटकीचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू चक्क गोल होतो. आवरण शाबूत, श्वसन मंद, विभाजन बंद. समोर अन्न वाढले, तरी तो वाढत नाही. हे धनुर्वाताच्या जंतूसारखे टणक बीजाणू नव्हेत. नेहमीचाच जंतू, फक्त निजलेला. ऊब आणि पोषण मिळाले की त्यातले काही पुन्हा जागे होतात.

म्हणून मला निवळीची योग्य मात्रा आणि त्यानंतरचा अर्धा तास फार मोलाचा वाटतो. घाईने हंडा भरू नये. लहान मुलांसाठी पाणी उकळावेच. खळखळ उकळीत निजलेला जंतूही मरतो. गाळण्याचाही उपयोग होतो, कारण पटकीचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून असतात. बांगलादेशात जुन्या साडीच्या किमान चार पदरांतून पाणी गाळल्यावर पटकीचे रुग्ण जवळपास निम्मे झाले. आपल्याकडे हंड्यावर बहुधा एकच पदर असतो.